चिपीखालचा चौक

होडी धक्क्याला लागण्याआधीच मला ती कमान दिसली. बांबूच्या दोन काठ्या, त्यांवर आंब्याचे टाळे, मधोमध अबोलीच्या फुलांचा विणलेला वळेसर, आणि त्याखाली कोंडवेळच्या वीस-बावीस बायका ठेवणीतली लुगडी नेसून उभ्या. सगळ्यांच्या पुढे अनशीकाकी, दोन्ही हातांत शहाळं धरून. माझ्या शेजारी बसलेल्या डॉ. रत्नांनी हसून विचारलं, हे सगळं माझ्यासाठी का? मी अभिमानाने हो म्हणाले आणि तेवढ्यात माझी नजर कमानीच्या मागे गेली.

कमानीच्या मागे माझी जागा होती. म्हणजे काल दुपारी मी रत्नांना आणायला गोव्याला निघाले तेव्हापर्यंत होती.

ती जागा म्हणजे चिपीच्या झाडांमधला दहा मीटर लांब, दहा मीटर रुंद असा चिखलाचा तुकडा. चिपी आमच्या खाडीकाठच्या कांदळवनातली. तिची मुळं श्वास घ्यायला चिखलातून वर येतात, वीतभर उंचीचे टोकदार खुंट असावेत तशी. त्या खुंटांमध्ये मी दहा महिन्यांपूर्वी चार ठिकाणी पांढऱ्या दगडाची पूड पसरली होती आणि प्रत्येक ठिकाणी चार कोपऱ्यांना पायपाचे तुकडे रोवले होते. प्रत्येक भरती थोडा गाळ आणते, पूड गाळाखाली जाते. मग एक दिवस तिथला गाळ कापून काढायचा आणि पांढऱ्या थराच्या वर किती माती चढली ते मोजायचं. काम इतकं सोपं. अट एकच, तोवर तिथं माणसाचं पाऊल पडता कामा नये.

आता तिथं एकही खुंट नव्हता. सगळे कोयत्याने मुळापासून छाटलेले. चिखल फळीने चोपून अंगणासारखा सपाट केलेला, त्यावर माडाच्या झावळ्यांच्या चटया आणि चटयांवर सरपंचांच्या घरची लाल प्लॅस्टिकची खुर्ची. माझे पायपाचे सोळा तुकडे स्वच्छ धुऊन, काथ्याने मोळी बांधून एका कडेला ठेवले होते.

चूक तशी माझीच. निघताना मी काकीला म्हणाले होते की पाहुणी येतेय, जरा जागा साफसूफ करून ठेवा. मला म्हणायचं होतं धक्क्यावरची मासळीची घाण. पण पाहुणी परदेशातून येणार, तीही बाईमाणूस, आणि ती हेमाची, म्हणजे माझी, झाडं बघायला येणार म्हटल्यावर कोंडवेळच्या बायका धक्क्यावर थांबणाऱ्या नव्हेत.

त्या जागेवर काय अवलंबून होतं ते गावाला ठाऊक होतं, पण अर्धंच. आमच्या बाजूचं चाळीस एकर कांदळवन तोडून तिथं कोळंबीची तळी करायचा बेत एका कंपनीने आखला होता. त्यांचं म्हणणं, ही झाडं मरतुकडी आहेत, गाळबीळ काही धरत नाहीत, काठ तसाही खचतोच आहे. जूनमध्ये कलेक्टरांपुढे सुनावणी होती. त्याच सुमाराला पाच देशांतले संशोधक मिळून बारा खाड्यांचा अभ्यास करत होते, बाराही ठिकाणी एकाच वर्षी, एकाच पद्धतीने. मुंबईला मला शिकवणाऱ्या निमकर सरांमुळे त्या बारांत कोंडवेळ आली आणि कामाला मी लागले. त्या पाहणीत आमची खाडी टिकली, तर सुनावणीत दाखवायला पाच देशांचा कागद होता. ती गळली, तर आमच्याकडे नुसत्या गाऱ्हाण्यांपलीकडे काही नव्हतं. डॉ. रत्ना आल्या होत्या त्या तेच ठरवायला.

मी होडीतून उडी मारली ती थेट काकीसमोर.

"काकी, ह्या काय केलंस?"

काकीचा चेहरा फुललेला होता, तो तसाच राहिला. तिला वाटलं असावं की मला आनंद झालाय. ती म्हणाली, "बायच्या पायाक खुटां टोचतीत म्हणान कापली. कालधरून आमी सगळी हयच आसव."

"माजे धा म्हयने मातयेत घातलंस. शिकल्यात नाय, सवरल्यात नाय, हात मात्र सगळीकडे. कोणी सांगलल्यान तुमका?"

इतकं बोलून थांबायला हवं होतं. मी थांबले नाही. वीस बायकांपुढे, परक्या पाहुणीपुढे मी तिला जे काही बोलले ते आज लिहायला हात धजत नाही. मी सहा वर्षांची असताना माझी आई गेली. त्यानंतर मला वेणी घालणारी, माझ्या शाळेच्या फीसाठी कालवं फोडून बोटं चिरून घेणारी बाई ही. चुलत चुलती, तीही लांबची. मला वळसा घालून ती पुढे गेली, रत्नांच्या हातात शहाळं दिलं आणि मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "तू कधी सांगलंस काय गो आमका, ह्या काय असा ता?"

सांगितलं नव्हतं, हे खरं होतं. दहा महिन्यांत त्यांनी विचारलं असेल पन्नासदा, आणि मी पन्नासदा म्हटलं होतं की तुमका नाय कळूचा.

रत्ना चटईवरून चालत गेल्या आणि त्या लाल खुर्चीत बसल्या. शहाळं संपेपर्यंत बसल्या, प्रत्येक बाईकडे बघून हसल्या. बायकांना त्यांचं नाव कळल्यावर तर कौतुकाला पारावार राहिला नाही. समुद्रापलीकडची बाई आणि नाव रत्ना, म्हणजे ही आपल्यातलीच कोणीतरी. पिंगळेवाडीच्या एका बाईने तर तिचं माहेर कुठलं असंही विचारलं.

शहाळं खाली ठेवून रत्नांनी मला जवळ बोलावलं आणि हळूच विचारलं की मी त्या बाईंना काय बोलले. मी सांगितलं, थोडं सौम्य करून. त्या म्हणाल्या, त्यांच्या गावीही असंच झालं होतं. जावा बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर त्यांचं गाव. पाणी किती चढतंय ते मोजायला तिथं आकड्यांचा एक खांब होता. मंत्री येणार म्हणून गावाने तो खांब पांढराशुभ्र रंगवला, आकड्यांसकट. रंगवणारे त्यांचे वडीलच होते.

मला हसू आलं नाही. त्याही हसत नव्हत्या. त्यांच्या गावाने कोळंबीच्या तळ्यांसाठी सगळं कांदळवन तोडलं होतं. आता गावातल्या रस्त्यावर रोज भरतीचं पाणी येतं आणि वडिलांची कबर फक्त ओहोटीला दिसते, एवढंच त्यांनी सांगितलं.

"पण नियम तो नियम," त्या म्हणाल्या. "मोडलेली जागा मला धरता येणार नाही. उद्या संध्याकाळपर्यंत मला तसं लिहावं लागेल."

मी मान हलवली. दुसरं काय करणार.

"झाडं तरी दाखव मला. एवढ्या लांब आले आहे."

ओहोटी पुरी लागली होती. आम्ही काठाकाठाने आत निघालो. मी गमबूट घातले होते, रत्नांनीही. मागून वीस पावलं अंतर ठेवून काकी येत होती, आणि तिच्यामागे बाकीच्या. मी त्यांना परत जा म्हणणार होते, पण त्या दिवशी पुन्हा तोंड उघडायची माझी छाती नव्हती.

खाडी जिथं वळते तिथं एक जुनी चिपी आहे. दोघींच्या कवेत मावणार नाही असा बुंधा. तिच्यात आमच्या खाडीचा राखणदार राहतो. बुंध्याला शेंदूर, फांदीला लाल फडकी, मुळांशी नारळाच्या करवंट्या. रत्ना तिथं थांबल्या आणि त्यांनी विचारलं की हे काय आहे. मी म्हटलं, गावाची काहीतरी पूजा आहे. मला तिथून पुढे जायचं होतं.

पुढे जायची घाई का, तेही सांगते. नारळी पौर्णिमेनंतर आठ दिवसांनी, अष्टमीला, या चिपीखाली गावातल्या बायका चौक घालतात. प्रत्येक घराची एक मूठ रांगोळी. बावीस घरं, बावीस मुठी, मिळून चिखलावर हातभर लांब-रुंद असा पांढरा चौक. आई गेल्यावर आमच्या घराची मूठ माझ्याकडे आली. कॉलेजात गेल्यापासून मी ती घालणं सोडलं होतं. आणि आदल्या श्रावणात तर मी सगळ्यांनाच बंदी केली होती. यांची रांगोळी पाण्याबरोबर वाहत माझ्या पांढऱ्या पुडीत मिसळली, तर माझं संशोधन बिघडेल असं मी सांगितलं होतं. शिकलेल्या पोरीचा शब्द म्हणून बायकांनी ऐकलं होतं.

रत्नांनी मात्र पुढे पाऊल टाकलं नाही. त्या मागे वळून काकीकडे बघत होत्या. त्यांनी मला म्हटलं की या बाईंना विचार, त्या इथं नक्की काय घालतात. मी विचारलं. काकी म्हणाली, रांगोळी. कसली, पिठाची की दगडाची? दगडाची, शिरगोळ्याची, पिठाची घातली तर कुर्ल्या खातात. दरवर्षी? दरवर्षी. याच जागी? राखणदार काय जागा बदलतो? आणि अष्टमीलाच का? या प्रश्नावर काकीने रत्नांकडे जरा कीव केल्यासारखं पाहिलं.

"अष्टमीक भांग असता. पाणी हळू चढता, हळू उतारता. उधाणाक घातलंव तर चौक ऱ्हवात काय? तो हळूहळू मातयेखाली जावक होयो. मातयेखाली गेलो म्हणजे राखणदारान घेतल्यान."

मी हे भाषांतर करून सांगत होते आणि सांगता सांगता माझा आवाज बारीक होत गेला. पांढऱ्या दगडाची पूड. ठरलेली जागा. पाणी शांत असतानाचा दिवस. पूड गाळाखाली जाऊ द्यायची. रत्नांच्या पाठीवरच्या पिशवीत पाच देशांनी मिळून छापलेली कामाच्या पद्धतीची पुस्तिका होती. तिच्या चौथ्या पानावर हेच लिहिलेलं होतं.

"किती वर्षं घालताहेत?" रत्नांनी विचारलं.

काकीच्या सासूच्या सासूनेही घातला होता.

रत्नांनी पाठीवरची पिशवी खाली घेतली आणि तिच्यातून मीटरभर लांबीची पोलादी नळी काढली. ही अर्धी चिरलेली नळी चिखलात खुपसून, फिरवून वर काढली की आतला गाळ जसाच्या तसा कांडीसारखा बाहेर येतो. ती नळी बघून मागच्या बायकांत कुजबुज झाली. राखणदाराच्या जागेत कोणी खुरपंसुद्धा चालवत नाही, हे मला सांगायची गरज नव्हती. ते मलाही ठाऊक होतं. आता काकीकडे परवानगी मागायची होती, आणि ती मागायचं तोंड मी तासाभरापूर्वीच घालवून बसले होते.

मी माफी मागितली नाही. तेवढं शहाणपण माझ्यात तेव्हा नव्हतं. मी म्हटलं, "काकी, एक नळी फकत."

काकीने हनुवटीने रत्नांच्या पायांकडे खूण केली. रत्नांचे पाय उघडे होते. शेंदूर दिसला तिथंच, कोणी न सांगता त्यांनी बूट काढून मुळांच्या बाहेर ठेवले होते.

"ह्या बायेन पायतणां काढल्यान. तू काढलंस नाय."

मी खाली पाहिलं. माझे गमबूट घोट्यापर्यंत राखणदाराच्या चिखलात रुतले होते. ते काढले, दोन्ही हातांत घेऊन बाहेर ठेवून आले. काकीने पदर खोचला, बुंध्यासमोर उभी राहिली आणि गाऱ्हाणं घातलं. गावात एरवी हे पुरुषांचं काम, पण या चिपीखाली बायकांचंच चालतं.

"बा राखणदारा, आज ही समुद्रापलीकडली लेक तुज्या दारात इली असा. तुजी मूठभर माती मागता. तिच्या कामाक यश दी. आनी आमच्या चेडवाक अक्कल दी, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," बावीस तोंडांनी साथ दिली. दुसऱ्या, म्हणजे माझ्या अकलेच्या, मागणीला जरा जास्तच जोर होता.

रत्नांनी नळी लावली, अंगाचा भार टाकून खाली दाबली, अर्धा वळसा दिला. चिखलाने ती सहजासहजी सोडली नाही. आम्ही दोघींनी मिळून ओढली तेव्हा चुळूक आवाज करत ती वर आली. रत्नांनी ती मुळांवर आडवी ठेवली आणि चाकूने वरचा पापुद्रा तासून काढला. काळाकरडा गाळ, आणि त्यात पांढऱ्या रेघा. एक नाही, दोन नाहीत, वरपासून खालपर्यंत एकाखाली एक. काही वाकलेल्या, काही कुर्ल्यांच्या बिळांनी तोडलेल्या, पण सगळ्या जागच्या जागी. दोन रेघांमध्ये बोटभर, कुठे त्याहून थोडी जास्त माती. बायका पुढे झाल्या, वाकल्या. आपण घातलेलं राखणदाराने खरंच घेऊन जपून ठेवलंय, हे त्यांनी प्रथमच डोळ्यांनी पाहिलं.

रत्ना गुडघ्यांवर बसल्या होत्या. त्या म्हणाल्या की बाकीच्या अकरा खाड्यांत त्यांच्याकडे प्रत्येकी एकाच वर्षाची रेघ आहे. मग त्यांच्यातली संशोधक जागी झाली आणि त्यांनी मला अवघड प्रश्न विचारला. एक रेघ म्हणजे एक वर्ष, हे कशावरून? मधलं एखादं वर्ष चुकलं असेल, एखाद्या वर्षी दोनदा घातला असेल. खूण काय?

मी ते काकीला सांगितलं. काकी चक्क हसली.

"माज्या लग्नाच्या वर्सा घाट खचललो. बाजारात रांगोळी इलीच नाय. मगे सासून चिरो कुटल्यान आनी त्याचो चौक घातलो. तांबडी रेघ असतली बघ खाली. माजी पयली मूठ ती. ह्या वैशाखात तेहतीस वर्सां झाली."

मी चाकूच्या टोकाने वरून मोजत निघाले. बायका माझ्याबरोबर ओठ हलवत होत्या. दहा. वीस. नळीवर हातभर खाली गेल्यावर गाळात एक विटकरी रेघ आली, जांभ्या दगडाच्या रंगाची. कोणीतरी काकीला कोपराने ढोसलं आणि ती नव्या नवरीसारखी लाजली, हे मी बघितलेलं आहे.

"बत्तीस," मी म्हटलं.

"तेहतीस," काकी म्हणाली.

मी पुन्हा मोजलं. बत्तीसच. आणि मग माझ्या लक्षात आलं की कुठलं वर्ष नाही ते. रत्नांना सांगताना मला त्यांच्याकडे बघवेना. गेल्या श्रावणातला चौक मी घालू दिला नव्हता. त्यांची वहीवरची पेन्सिल थांबली. त्या म्हणाल्या की हे सगळं अद्भुत आहे, पण बाकीच्या अकरा खाड्यांशी ताडून बघायला याच एका वर्षाची खूण हवी होती. तेवढी नेमकी नाही. मी डोळे मिटून घेतले. माझ्या स्वतःच्या चार खुणा मी सांगितलेल्या साफसफाईत गेल्या होत्या आणि ही पाचवी मी हुकूम काढून बंद केली होती. कंपनीला आमचं कांदळवन बुडवायला माझ्यापेक्षा चांगला माणूस मिळाला नसता.

"नीट मोज," काकी म्हणाली.

"दोनदा मोजलंय, काकी."

"वरसून मोज. अगदी वरसून."

मी वाकले. नळीच्या अगदी वरच्या टोकाशी, जिथून मी मोजायला सुरुवात केली होती त्याच्याही वर, एक पुसट, तुटक रेघ होती. इतकी बारीक की कुठून तरी वाहून आलेली धूळ असेल असं समजून मी ती सोडून दिली होती. रत्नांनी भिंग काढलं. त्यांनी त्या रेघेला चिमटा लावला, थोडे कण तळहातावर घेतले, बोटांत चोळले. मग खालच्या रेघेतले चोळले. तीच पूड, शिरगोळ्याची. खालच्या रेघा बावीस मुठींच्या होत्या, आणि ही एका मुठीची.

"तेहतीस," रत्ना म्हणाल्या, आणि पट्टी लावून वरचा गाळ मोजला. चौदा मिलिमीटर. त्यांनी तो आकडा वहीत लिहिला, त्याभोवती गोल काढला आणि मग ती बाई, पाच देशांची प्रतिनिधी, चिखलात बसल्या बसल्या माझ्या काकीच्या गळ्यात पडली. मला रडू येत होतं. बायकांना वाटलं, नळीत काही वाईट निघालं. त्यांना सगळं समजावून सांगितलं, पहिल्यांदाच, पूड म्हणजे काय, गाळ का मोजायचा, सुनावणीत हे कसं दाखवायचं. दहा मिनिटं लागली. दहा महिने मी जे कळणार नाही म्हणत होते, ते त्यांना दहा मिनिटांत कळलं.

संध्याकाळी धक्क्यावर कमान सोडताना मी काकीला एकटीला गाठलं. मी नको म्हटलेलं असताना तिने मूठ घातली होती, आणि त्याबद्दल मला तिचे पाय धरायचे होते. काकी काथ्याच्या गाठी सोडवत राहिली.

"ती माजी मूठ न्हय. तू नको म्हणालंस, म्हणान माजी मी घातलंय नाय."

"मगे कोणाची?"

"तुज्या आयेची. जाताना माज्याकडसून वचन घेतल्यान तिना. चेडू आपल्या मनान घालीपर्यंत माज्या घरची मूठ चुकवू नको म्हणान. तू सोडलंस तेव्हाधरून मीच घालतंय. माजी चुकली तर राखणदार माका इचारीत. तुज्या आयेक मी काय सांगतलंय?"

मी तिथंच कमानीच्या बांबूवर बसले. आईचा मला आठवतो तो फक्त तिच्या हातांना येणारा कालवांचा खारा वास. चेहराही फोटोतून उसना घेतलेला. आणि त्या बाईने, जाताना, मुलीला न सांगता एवढी तजवीज करून ठेवली होती. मी खूप रडले, आणि त्याची लाज वाटली नाही.

दुसऱ्या दिवशी रत्नांना घेऊन आम्ही पलीकडच्या काठाला गेलो. ते काकीचं माहेर. तिथंही पूर्वी चौक घालत, पण वीस वर्षांपूर्वी तिथली झाडं भट्टीच्या सरपणासाठी तुटली आणि चौक बंद पडला. तिथल्या नळीत वरपासून खालपर्यंत एकही रेघ नव्हती. झाडांबरोबर माती गेली आणि मातीबरोबर सगळे जुने चौक. एकच खाडी आणि दोन काठ. रत्नांनी अहवालात दोन्ही नळ्यांची छायाचित्रं शेजारी शेजारी छापली.

जूनमध्ये सुनावणीला मी आमची ती गाळाची कांडी ओल्या गोणपाटात गुंडाळून बाळासारखी मांडीवर घेऊन गेले. मागे टेम्पोत बावीस जणी. कंपनीच्या वकिलाने अर्धा तास झाडं कशी मरतुकडी आहेत ते सांगितलं. मग मी गोणपाट उलगडलं. कलेक्टरसाहेब खुर्चीतून उठून आले, पेनाच्या टोकाने स्वतः रेघा मोजायला लागले आणि तांबड्या रेघेशी अडखळले. तेव्हा मागून काकी म्हणाली, "साहेबानु, ती माज्या लग्नाची." सगळी कचेरी हसली, वकीलसुद्धा. पावसाळा संपायच्या आत निकाल लागला. चाळीस एकरांतली एक फांदीही तोडता येणार नाही असा कागद आमच्या ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागला. तो अजून तिथं आहे, काचेच्या आत.

पाच देशांच्या पुस्तिकेच्या पुढच्या आवृत्तीत चौथं पान बदललं. पूड कधी घालावी, पाणी कसं असावं, याखाली आता कोंडवेळच्या बायकांचा आधार दिलेला आहे, बावीस घरांच्या नावांसकट. गेल्या वर्षी मी रत्नांच्या गावी जाऊन आले. तिथं आता पुन्हा कांदळ लावलंय आणि बायका दरवर्षी झाडांमध्ये पांढरी पूड घालतात. नळी मी घातली. बारा वर्षांच्या बारा रेघा निघाल्या, आणि सगळ्यात वरची बोटभर मातीखाली होती. मी तिथूनच काकीला फोन लावला. ती म्हणाली, मातय चढता म्हणजे गाव ऱ्हवतलो, रत्नाक सांग.

पण मला त्या साऱ्यापेक्षा सुनावणीच्या वर्षीची, निकालाआधीची अष्टमी जास्त आठवते. भांगाचं पाणी, ओसरून गेलेलं. बावीस जणी चिपीखाली. मी बूट बाहेर काढून ठेवले होते. काकीने रांगोळीचा डबा माझ्यापुढे धरला आणि म्हणाली, आता ही तुजी मूठ, माज्या मानेवरचा ओझा उतारला. मी मूठ भरली. इतक्या वर्षांत हात विसरला होता. बोटांतून रांगोळी सुटायची ती एका बाजूला जास्त सुटली, चौकाची कड तिरकी गेली. काकीने मान वाकडी करून बघितलं.

"वाकडी घातलंस."

"पुसून पुन्ना घालू?"

"नको. ऱ्हवांदे."

पाणी हळूहळू चढू लागलं होतं. आम्ही सगळ्या बाजूला उभ्या राहून ते चौकावर येताना बघत होतो. पुढे कधीतरी कोणी त्या जागी नळी घालील. खालून मोजत येईल, तांबडीपासून. तेहतिसावी बारीक असेल, ती माझ्या आईची. तिच्या वरची चौतिसावी एका बाजूला जाड आणि जरा तिरकी असेल. ती माझी.